चार्जर बसवण्याआधी: इलेक्ट्रिक गाड्यांसाठी वीजजाळं तयार करताना

चार्जिंगचं काम पहिल्यांदा अंगावर आलं की बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: इतक्या गाड्यांना वीज पुरणार कुठून? मीही तिथूनच सुरुवात केली होती. आता मात्र नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी कागदावर एक छोटा हिशेब करायला लावतो. तो एकदा स्वतःच्या हाताने केला की पुढच्या पायऱ्या का आहेत ते समजावून सांगावं लागत नाही. तुम्ही वितरण विभागात नुकते रुजू झाला असाल, वसाहतीच्या वाहनतळाची जबाबदारी घेतली असेल किंवा बस आगाराचं नियोजन करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

सगळ्यात आधी हिशेब

साधारण इलेक्ट्रिक कारला १०० किलोमीटरसाठी १५ ते २० युनिट वीज लागते. रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला दिवसाला ६ ते ८ युनिट, आपण ७ धरू.

समजा, १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर एक वसाहत आहे. केव्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता मोजायचं एकक, इथे ढोबळमानाने ते किलोवॉटइतकंच धरू. रात्री आठला तिचा भार ७० केव्हीएपर्यंत चढतो आणि मध्यरात्रीनंतर २५ वर उतरतो. तिथे दहा गाड्या आल्या. दहा गाड्यांना रोज मिळून ७० युनिट हवेत. घरी बसवायचा सिंगल फेजचा चार्जर २३० व्होल्टवर ३२ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॉट. सगळ्यांनी घरी आल्या आल्या गन लावली तर आठच्या सुमारास ७४ किलोवॉट वाढले. सत्तरावर चौऱ्याहत्तर, एकूण १४४. ट्रान्सफॉर्मर त्याच्या क्षमतेच्या जवळजवळ दीडपट ओढला गेला.

आता तेच ७० युनिट रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत वाटून द्या. सरासरी भार होतो १० किलोवॉट. पंचवीस अधिक दहा, पस्तीस. ट्रान्सफॉर्मरला गाड्या आल्याचं जाणवणारही नाही.

गाड्या त्याच, युनिट तेवढेच. बिलात युनिट मोजले जातात, पण ट्रान्सफॉर्मर तापतो तो त्या क्षणाच्या भाराने. म्हणून या कामात विचारायचा खरा प्रश्न 'वीज किती' हा नाही. 'किती वाजता आणि कोणत्या तारेवर' हा आहे. देशाच्या पातळीवर गाड्यांची वीज हळूहळू वाढते आणि तिची तजवीज करायला वर्षं मिळतात. नॉर्वेमध्ये २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी ८८.९ टक्के पूर्णपणे बॅटरीवरच्या होत्या, आणि तिथला वीजपुरवठा कोलमडलेला नाही. गाठ पडते ती गल्लीच्या पातळीवर. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात 'माय इलेक्ट्रिक अॅव्हेन्यू' नावाचा प्रयोग झाला. एकाच फीडरवरच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपासून घरांपर्यंत वीज नेणाऱ्या एकाच तारेवरच्या, शेजाऱ्यांना इलेक्ट्रिक गाड्या वापरायला देऊन तारांवर काय होतं ते मोजलं गेलं. निष्कर्ष असा निघाला की ४० ते ७० टक्के घरांत गाड्या आल्यावर तिथल्या कमी दाबाच्या सुमारे ३२ टक्के फीडरना काही ना काही उपाय करावा लागेल. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश फीडरना काहीच करावं लागणार नव्हतं. आपला फीडर कोणत्या गटात मोडतो हे शोधणं, हेच पहिलं काम.

पायरी १: गाडी किती वेळ उभी राहणार ते लिहून काढा

चार्जरची ताकद ठरवण्याआधी गाडीचा मुक्काम ठरवा. रात्री घरी उभी असलेली गाडी आठ-दहा तास हलत नाही. तिला ३.३ किलोवॉटचा साधा पॉइंटसुद्धा रात्रीत ३० युनिट देतो, रोजच्या गरजेच्या चौपट. तरीही लोक ७.४ चा किंवा थ्री फेजवरचा ११ किलोवॉटचा चार्जर मागतात, आणि नियोजन करणाराही मान डोलावतो. घरगुती चार्जिंगमध्ये हा सरसकट मोठा आकडा मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते, कारण त्या एका आकड्यावरून पुढची केबल, पॅनेल आणि ट्रान्सफॉर्मर सगळंच फुगत जातं.

कार्यालयाच्या वाहनतळावर गाडी दिवसा उभी असते, त्यामुळे छतावरची सौर वीज तिथेच जिरवता येते. दुचाकींची बॅटरी बहुधा दोन-चार युनिटची, तिचा भार एकेकटा किरकोळ. महामार्गावरच्या चार्जरचं गणित पूर्ण वेगळं आहे: तिथे माणूस वीस-तीस मिनिटांसाठी थांबतो, त्याला 'मध्यरात्री या' असं सांगता येत नाही.

बस आगार हे मात्र नियोजकाला मिळालेलं वरदान आहे, कारण वेळापत्रक हातात असतं. ५० बस, प्रत्येकीला रात्री २४० युनिट, एकूण १२,००० युनिट. आठ तास मिळत असतील तर सरासरी १.५ मेगावॉट. प्रत्येक बसला ६० किलोवॉटचा चार्जर देऊन सगळे एकदम सुरू केले तर ३ मेगावॉट. जोडणीचा अर्ज कोणत्या आकड्याने करायचा हे आगाराच्या वेळापत्रकावर ठरतं, चार्जरच्या पाटीवरच्या आकड्यांची बेरीज करून नाही.

पायरी २: मोजा, अंदाज करू नका

इथे घाई करू नका. ट्रान्सफॉर्मरच्या नेमप्लेटवरून केव्हीए आणि व्होल्टेज उतरवून घ्या. १०० केव्हीए आणि ४०० व्होल्ट असेल तर प्रत्येक फेजला सुमारे १४४ अँपिअर मिळतात. मग लॉगर लावून तिन्ही फेजचा आणि न्यूट्रलचाही करंट दर दहा किंवा पंधरा मिनिटांनी नोंदवा. निदान एक आठवडा, म्हणजे कामाचे दिवस आणि सुट्टी दोन्ही सापडतील. ज्या ऋतूत भार सर्वाधिक असतो त्या ऋतूतली नोंद नसेल तर मिळवा. सौम्य हवेतला आठवडा मोजून काढलेली शिल्लक क्षमता कडक उन्हाळ्यात किंवा गोठवणाऱ्या थंडीत गायब होते.

एका वसाहतीत मी टाँग टेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचा चिमटा) घेऊन उभा होतो, तेव्हाचे आकडे अजून लक्षात आहेत. पहिल्या फेजवर ११२ अँपिअर, दुसऱ्यावर ६४, तिसऱ्यावर ५८. सरासरी काढली तर ७८, म्हणजे ट्रान्सफॉर्मर जेमतेम ५४ टक्के भरलेला. अहवालात तेवढंच लिहिलं होतं आणि त्यावर चार्जर मंजूरही झाले होते. पण नव्या चार्जरची वायर सोयीची म्हणून पहिल्याच फेजवर ओढली होती. ११२ मध्ये ३२ चे दोन चार्जर मिळवा: १७६. मर्यादा १४४. शेजारचे दोन फेज निम्मेही भरलेले नसताना एकाचा फ्यूज उडणार होता. न्यूट्रलवर टेस्टर लावला तर तिथेही पन्नासच्या वर अँपिअर दिसले, जे बऱ्याच जणांच्या हिशेबात शून्य असतात.

फीडरच्या शेवटच्या घरातलं व्होल्टेजही त्याच आठवड्यात मोजा. ट्रान्सफॉर्मरजवळ सगळं ठीक दिसतं, खरी अवस्था टोकाला कळते. युरोपात वापरलं जाणारं ईएन ५०१६० हे मानक सांगतं की दहा मिनिटांची सरासरी आठवड्याच्या ९५ टक्के वेळेत ठरलेल्या व्होल्टेजच्या १० टक्के खाली-वर या पट्ट्यात असायला हवी. तुमच्या वितरण कंपनीची मर्यादा वेगळी असू शकते. ती आधी मागून घ्या.

पायरी ३: फेज वाटून द्या

सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फायदा इथे होतो. २०० मीटर अंतर, ५० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियम केबल, न्यूट्रलही तेवढ्याच जाडीची. अशा केबलचा रोध किलोमीटरला सुमारे ०.६४ ओहम असतो. एक फेजवरून ३२ अँपिअर नेले तर जाऊन-येऊन ०.२५६ ओहम, म्हणजे ८.२ व्होल्ट पडतात, साडेतीन टक्क्यांहून अधिक. तीच ताकद तिन्ही फेजवर सारखी वाटली तर प्रत्येकीतून १०.७ अँपिअर जातात, न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच परत येत नाही आणि व्होल्टेज पडतं फक्त १.४. करंट एक तृतीयांश झाला आणि वाट निम्मी झाली. म्हणून पडझड सहापट कमी.

एक सावधगिरी. थ्री फेज चार्जर बसवला म्हणून प्रश्न सुटत नाही. अनेक गाड्यांमधला आतला चार्जर सिंगल फेजचाच असतो, आणि अशी गाडी थ्री फेज पॉइंटवरूनही फक्त पहिल्या फेजमधून वीज घेते. दहा पॉइंट एकाच क्रमाने जोडले तर दहा गाड्या एकाच फेजवर जाऊन बसतात. म्हणून पहिला पॉइंट एक-दोन-तीन, दुसरा दोन-तीन-एक, तिसरा तीन-एक-दोन असा क्रम फिरवत जोडायचा. वायरमनला हे तोंडी सांगू नका, नकाशावर काढून द्या.

पायरी ४: वेळ सरकवा

रात्रीचा दर कमी ठेवला की लोक टायमर लावतात. हा उपाय सुरुवातीला छान चालतो. गाड्या वाढल्या की त्यातूनच नवी अडचण उभी राहते: दर ज्या मिनिटाला उतरतो त्या मिनिटाला सगळे टायमर एकदम सुरू होतात आणि आठचं शिखर बाराला उभं राहतं, आधीपेक्षा टोकदार. कारण संध्याकाळी निदान माणसं वेगवेगळ्या वेळी घरी येतात. घड्याळं मात्र सगळी सारखी चालतात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घर आणि कार्यालयांसाठी विकल्या जाणाऱ्या चार्जरमध्ये यासाठी सोय ठेवावी लागते: चार्जिंग सुरू होताना १० मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक विलंब आपोआप पडतो. तुमच्याकडे असा नियम असो वा नसो, चार्जर मागवताना ही सोय मागून घ्या. वेगवेगळ्या गटांना वेगवेगळी सुरुवातीची वेळ दिली तरी बराच फरक पडतो.

याहून भक्कम उपाय म्हणजे स्थानिक लोड मॅनेजमेंट. मुख्य पॅनेलच्या येणाऱ्या केबलवर सीटी (करंट मोजणारे छोटे ट्रान्सफॉर्मर) बसवायचे, इमारतीचा भार सतत मोजायचा आणि जी जागा उरेल तेवढीच चार्जरना वाटायची. हे चालतं कसं ते समजून घ्या, कारण त्यातच त्याच्या मर्यादा आहेत. चार्जर आणि गाडी यांच्यात कंट्रोल पायलट नावाची एक बारीक तार असते. तिच्यावरून चार्जर एक किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल पाठवतो आणि त्या सिग्नलची रुंदी सांगते की गाडीने जास्तीत जास्त किती अँपिअर घ्यायचे. रुंदी १० टक्के असेल तर ६ अँपिअर, ५० टक्के असेल तर ३०. गाडी त्या मर्यादेच्या आत राहते. आयईसी ६१८५१ या मानकातली ही सोय आहे, त्यामुळे ती साध्यातल्या साध्या एसी चार्जरलाही करता येते.

पण सहाच्या खाली जाता येत नाही. एका फेजवर चार गाड्या आणि शिल्लक १८ अँपिअर असतील तर चौघींना साडेचार-साडेचार देणं शक्य नाही. तिघींना सहा-सहा आणि चौथीला थांबवून पाळी लावावी लागते. काही गाड्या फार वेळ थांबवल्या तर झोपी जातात आणि नंतर सिग्नल आला तरी उठत नाहीत. सकाळी रिकामी बॅटरी पाहिलेला माणूस त्या यंत्रणेवर पुन्हा विश्वास ठेवत नाही. म्हणून वसाहतीत येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या गाडीवर थांबवा-सुरू करा ही चाचणी एकदा तरी करून पाहा.

खरेदी करताना तीन गोष्टी लेखी मागा. चार्जर ओसीपीपी या खुल्या भाषेत बोलतो का, १.६ किंवा २.०.१, आणि त्यातली स्मार्ट चार्जिंगची सोय खरोखर चालू आहे का. नाहीतर उद्या दुसऱ्या कंपनीची प्रणाली जोडताना हात बांधले जातात. इंटरनेट गेलं तर चार्जर काय करतो. आणि सीटीची वायर तुटली तर काय करतो. शेवटच्या दोन्हींचं योग्य उत्तर एकच: ठरवून दिलेल्या सुरक्षित, कमी करंटवर येतो. 'पूर्ण क्षमतेने चालू राहतो' असं उत्तर मिळालं तर ती यंत्रणा घेऊ नका.

गाडीतून जाळ्यात वीज परत देण्याची चर्चा तुमच्या कानावर येईलच. आयएसओ १५११८-२० या २०२२ च्या मानकात त्याची तरतूद आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून आशा आहे. तरीही त्या भरवशावर आज लहान ट्रान्सफॉर्मर बसवू नका.

पायरी ५: ट्रान्सफॉर्मरला विसावा मिळतो का बघा

तारेतलं तापणं करंटच्या वर्गाने वाढतं. भार १.४४ पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता दुपटीहून जास्त होते. तेलाने भरलेला ट्रान्सफॉर्मर थोडा वेळ हे सोसतो, कारण तेल हळू तापतं. खरं वय मोजलं जातं ते आतल्या कागदी इन्सुलेशनचं. आयईसी ६००७६-७ नुसार साध्या कागदासाठी सर्वांत गरम ठिकाणी ९८ अंश सेल्सिअस हा पाया धरतात, आणि त्यापुढे प्रत्येक ६ अंशांना कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो.

आजवर रात्रीचा भार कमी असायचा आणि ट्रान्सफॉर्मर रात्री निवायचा. चार्जिंग रात्री नेलं की तो विसावा कमी होतो. पस्तीस टक्क्यांवर काहीच बिघडत नाही, पण गाड्या दहाच्या साठ झाल्या तर रात्रभर भार ८५ राहील, आणि निवलेल्या तेलाच्या भरवशावर संध्याकाळचा जादा भार सोसायची सवय तेव्हा चालणार नाही. म्हणून फक्त शिखर पाहू नका, चोवीस तासांचा आलेख पाहा.

पायरी ६: वाढवायचंच असेल तर या क्रमाने

आधी फेजचं संतुलन आणि लोड मॅनेजमेंट. त्यानंतरही टोकाला व्होल्टेज कमीच असेल तर ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारं व्होल्टेज थोडं वर-खाली करायची सोय) बदलून पाहणं, पण दुपारी सौर वीज भरपूर येत असेल तर टॅप चढवल्याने दुपारचं व्होल्टेज हाताबाहेर जाऊ शकतं. मग फीडर दोन भागांत तोडणं. त्यानंतर जाड केबल आणि शेवटी मोठा ट्रान्सफॉर्मर. ट्रान्सफॉर्मर मिळायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे मोजणीत तशी गरज दिसली तर त्याच दिवशी मागणी नोंदवा.

जमीन खणाल तेव्हा जास्तीचे रिकामे पाइप टाकून ठेवा. पुढच्या वीस वर्षांत लागतील तेवढे. पाइपला खर्च थोडा येतो, पुन्हा फरशी फोडायला भरपूर. चार्जर आज चारच बसवा, पॅनेलमध्ये जागा आणि जमिनीत पाइप चाळीसचे ठेवा.

वेगवान डीसी चार्जरचं केंद्र असेल तर ते वसाहतीच्या ट्रान्सफॉर्मरवर लादू नका. चार ६० किलोवॉटचे चार्जर म्हणजे २४० किलोवॉट. त्याला स्वतःचा ट्रान्सफॉर्मर आणि मध्यम दाबाची जोडणी हवी. जोडणी अपुरी असेल तर चारही चार्जरनी मिळून एक मर्यादा वाटून घेणं किंवा जवळ बॅटरी ठेवून ती निवांत वेळी भरणं, हे दोन मार्ग आहेत. अशा केंद्राच्या हार्मोनिक्सची (चार्जरमुळे विजेच्या लहरीत येणाऱ्या विकृतीची) मोजणी जोडणीच्या करारातच घालून घ्या.

सुरक्षेत सवलत नाही

चार्जिंग हा तासन्‌तास चालणारा पूर्ण भार आहे. इस्त्री किंवा गीझर मधूनच बंद होतात, गाडी पाच तास सलग ओढते. म्हणून ढिला लग (केबलच्या टोकाची जोडपट्टी) आणि जुनं सॉकेट इथे वितळतं. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र सर्किट द्या आणि त्या सर्किटचा भार पूर्ण धरा, कपात नाही. एकत्र बांधलेल्या केबलची क्षमता कमी होते तीही हिशेबात घ्या. गळतीच्या संरक्षणासाठी साधी टाइप एसी आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) पुरत नाही, कारण गाडीकडून डीसी गळती आली तर ती आंधळी होऊ शकते. टाइप बी लावा, किंवा चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर टाइप ए. अर्थिंगचा रोध मोजून त्याची नोंद ठेवा.

पायरी ७: सुरू केल्यानंतर

पहिल्या रात्री सगळे पॉइंट एकदम लावून पाहा, आणि तेही संध्याकाळच्या भरात. मर्यादा पाळली जाते का, टोकाच्या घरात व्होल्टेज किती उतरतं, शेजाऱ्याचे दिवे मिणमिणतात का. मग मुद्दाम इंटरनेट काढा आणि चार्जर खाली येतात का ते बघा. दोन तासांनी थर्मल कॅमेरा फिरवा किंवा निदान प्रत्येक जोडाचं तापमान मोजा. गरम लग पहिल्याच रात्री सापडतो.

महिन्याने आणि नंतर दर सहा महिन्यांनी पायरी २ पुन्हा करा. पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवा: पॉइंटचा क्रमांक, फेजचा क्रम, एमसीबीचं रेटिंग, ठरवलेली करंट मर्यादा, बसवल्याची तारीख. अकरावी गाडी येईल तेव्हा तुम्ही तिथे असालच असं नाही, आणि ती कोणत्या फेजवर घ्यायची हे ठरवणाऱ्याच्या हातात फक्त तो तक्ता असेल.